दिवसाला चार मिनिटं

दही पुलावरून उतरताना खिशावर हात.
अठराशे रुपये,
त्यातले तीनशे हिच्या गव्हाच्या डब्यातले.
पोरगी नर्स झाली. सोमवारी सुरगाण्याला हजर व्हायचंय.
नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो म्हणाली,
वॉर्डात मोबाइल काढलेला चालत नाही.

शालिमारच्या फुटपाथवर एक पोरगा,
ताडपत्रीवर घड्याळंच घड्याळं,
निळ्या, लाल, पोपटी तबकड्या,
सगळ्यांवर एचएमटी, सगळी लखलखीत.
"जुनी आहेत काका, ओरिजिनल. सातशे."
जुनं एवढं नवं कसं रे? तर म्हणे, पॉलिश.
बाबा रे, मी बत्तीस वर्षं द्राक्षं पॅक केलीत
पिंपळगावला.
पेटीचा वरचा थर कसा लावतात
ते मला नको सांगू.

भद्रकालीच्या बोळात कुतुबभाईंचं दुकान.
दुकान म्हणजे एक खिडकी
आणि तिच्यामागे एक माणूस मावेल एवढा अंधार.
डोळ्यात भिंग. मान खालीच.
"कुणासाठी?"
मुलीसाठी.
"लेडीज?"
नाही. कामाचं.
तेव्हा त्यांनी मान वर केली.

काडेपेटीतून, शपथेवर सांगतो, काडेपेटीतून
काढलं त्यांनी ते.
तबकडी सायीच्या रंगाची,
नऊच्या आकड्यापाशी चहा सांडल्यासारखा डाग.
मी डागावर बोट ठेवलं.
"तोच बघून घ्या," म्हणाले,
"रंगवलेल्याला डाग नसतो."
मागचं झाकण उघडून भिंग माझ्या हातात दिलं.
आधी दिसली माझीच पापणी.
मग केसाएवढी स्प्रिंग,
झोपलेल्या तान्ह्याचं पोट हलावं तशी हलणारी,
आणि लाल खडे, डाळिंबाचा दाणा फोडून फोडून
जेवढा बारीक होईल, त्याहून बारीक.
"मशीन त्याचंच, काटे त्याचेच, चावी त्याचीच.
काच मी घातलीय. आधीच सांगतो."
न विचारता उणं सांगणारा माणूस
मार्केट यार्डात मला
एकदाही भेटला नाही.

झाकणावर खरवडलेली अक्षरं:
द. रा. शि., खाली ७९.
"घासून देऊ?"
कोण असतील हे शि.?
नाशिकरोडला प्रेसमध्ये असतील, पाळीवर जाणारे,
नाहीतर एखादे मास्तर, तास संपायची वाट बघणारे,
पोरांच्याही आधी.
कपाट आवरताना कुणीतरी विकलं असेल
पितळी डब्याबरोबर, वजनावर.
राहू द्या म्हटलं.
इतकी वर्षं त्यांनी चावी दिली.

"सोळाशे. आणि दिवसाला चार मिनिटं मागे पडतं.
तेल घातलं, सगळं केलं. वय झालंय."
माझंही, म्हटलं.
घासाघीस करायची म्हणून केली,
पन्नास सुटले
आणि पट्टा फुकट, कातड्याचा,
वर एक जादा भोक पाडून दिलं,
मुलीचं मनगट बारीक असणार म्हणून.

रात्री जेवणं झाल्यावर दिलं.
किती वाजले ते तिने पाहिलंच नाही,
आधी कानाला लावलं.
मग माझा हात ओढून तीन बोटं टेकवली,
ओठ हलवत मोजत बसली.
मिनिटभर घरात कुणी बोललं नाही.
"चौऱ्याऐंशी. जिना चढून आलात का, आप्पा?"
हो म्हटलं.
आमची खोली तळमजल्यावर आहे.

चार मिनिटांचंही सांगून टाकलं,
कुतुबभाईंचा दिवसभराचा शेजार, दुसरं काय.
"मग रोज सकाळी फोन करा," म्हणाली,
"सात वाजता. टाइम सांगा, मी लावून घेईन."

फोनवरच टाइम दिसतो,
हे तिला ठाऊक आहे. मलाही.
ओट्याशी भांडी लावता लावता हिचा आवाज आला:
साडेसहाला करा.
सातला तिची ड्युटी असते.